माझ्या आईनंसुद्धा केली

माझं काम असं होतं की ते चारचौघांत सांगता येत नसे. लग्नकार्यात कुणी विचारलं, "सध्या काय करतोस?" तर मी म्हणायचो, "मेडिकल लाइनमध्ये आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं, औषधं विकत असेल. मीही पुढे काही बोलायचो नाही.

आजोबा निजामाच्या काळात महसूल खात्यात होते, वडील शिक्षण खात्यात. हैदराबादच्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत सरकारी नोकरी कुळाचारासारखी चालत आलेली होती. माझ्या वेळेला ती थांबली. सरकारात भरती बंद होती आणि परदेशी मालाला मात्र दारं उघडली होती. कोठी बाजारातल्या दुकानांत रोज काहीतरी नवं दिसायचं. काचीगुड्याला स्टेशनामागच्या गल्लीत, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं, एका शेठचं ऑफिस होतं. साखर तपासायच्या पट्ट्या, रक्तदाब मोजायची यंत्रं असा बाहेरचा माल मागवून तो दवाखान्यांना पुरवायचा. तिथे मी लागलो. एकदा शेठनं आतड्याच्या कॅन्सरची घरच्या घरी करायची तपासणी मागवली, आणि ती लोकांच्या गळी उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

तपासणी म्हणजे पुठ्ठ्याचं एक घडीचं कार्ड. झाकण उघडलं की आत लहान लहान चौकोन. सोबत लाकडाच्या चपट्या काड्या. सकाळी शौचाला गेल्यावर काडीच्या टोकावर थोडा मळ घ्यायचा, चौकोनात पातळ लावायचा आणि झाकण बंद करायचं. असं तीन दिवस. मग कार्ड पाकिटात घालून आमच्याकडे द्यायचं. लॅबमध्ये त्यावर औषधाचे थेंब टाकत. डोळ्यांना न दिसणारं रक्त मळात असेल तर कागद निळा होई. निळा झाला म्हणजे कॅन्सर आहेच असं नव्हतं, पण पुढे दुर्बिणीनं आतडं तपासून घ्यायला हवं एवढं कळायचं. दुखायला लागायच्या आधी कळायचं, हा तिचा गुण. आणि तिची अडचण एकच होती: लोक ती करत नसत.

"माल उत्तम आहे रे," शेठ म्हणायचा, "पण लोक तयार होतात का, ते बोल."

लोक तयार होत नव्हते. डॉक्टर पन्नाशीपुढच्या पेशंटांची नावं देत, मी स्कूटरवरून त्यांच्या घरी जात असे. आमच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वकिलांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढून म्हणाले, "तुझ्या वडिलांनी माझ्या मुलाला इंग्रजी शिकवलं. मास्तरांच्या मुलानं हे काम धरावं?" आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, त्याला चहा द्यायचाय, पण हात धुतलेत का ते विचारा आधी!" दोघंही हसले. मीही हसलो. पाकीट त्यांनी तसंच परत दिलं.

सोबतच्या सूचना परदेशी संडासांसाठी लिहिलेल्या होत्या. आपल्याकडे मळ खाली पडला की संपलं. मी सांगायचो, खाली जुना पेपर पसरा. यावर एका शिक्षिका बाईंनी मला उभ्या उभ्या झापलं. पेपर म्हणजे सरस्वती, त्याला पाय लागला तरी आम्ही नमस्कार करतो, आणि तू त्यावर हे करायला सांगतोस? मग मी केळीच्या पानाचा तुकडा सुचवू लागलो. त्यावर लोक जेवतात, हे लक्षात आल्यावर तेही सोडलं आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून सोबत द्यायला लागलो. तरीही पाकिटं कोरीच परत येत. काही तर परतही येत नसत.

शेठ एके दिवशी म्हणाला, "तुझ्या घरी कोणी केलीय का? नाही ना? मग दुसरा का करेल? घरापासून सुरुवात कर."

घरी आई, पत्नी आणि मी. वडील गेले होते. आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आईचं सोवळं कडक होतं. सकाळी आंघोळ करून ती कद नेसायची आणि पूजा, स्वयंपाक, नैवेद्य होईपर्यंत कुणाला शिवायची नाही. त्या वेळात घरातलं सगळं ओवळ्यातलं काम पत्नीकडे असे: दुधाच्या पिशव्या आत घेणं, केर काढणं, मोरी घासणं, दारावर आलेल्याशी बोलणं. टेलिफोन वाजला तरी आई हाक मारायची, "अगं, बघ गं जरा, मी सोवळ्यात आहे." पत्नीला यात काही वावगं वाटत नव्हतं. तिच्या माहेरीही असंच होतं.

आई दुपारी वालाच्या शेंगा सोलत बसली होती तेव्हा मी कार्ड घेऊन तिच्यासमोर बसलो आणि गिऱ्हाइकाला सांगतो तसं सगळं सांगितलं. तिनं शेंगांवरची नजर काढली नाही.

"हे तू लोकांच्या घरी जाऊन सांगतोस?"

"हो."

"रोज?"

"रोज."

तिनं आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाली, "ठेव तिथे कोनाड्यात. देते करून."

मला खरंच भरून आलं. त्या आठवड्यात पाकीट नीट चिकटवून माझ्या हातात आलं. लॅबमध्ये थेंब टाकले. एकही चौकोन निळा झाला नाही. मी घरी येऊन सांगितलं, "आई, सगळं स्वच्छ आहे." आई म्हणाली, "असणारच," आणि कामाला लागली.

त्यानंतर माझ्या बोलण्यात एक नवं वाक्य आलं. लोक नाक मुरडू लागले की मी म्हणायचो, "माझ्या आईनंसुद्धा केली. सोवळं पाळणारी बाई आहे ती." या वाक्यानं समोरच्याचा चेहरा बदलायचा. सगळे नाही, पण काही जण पाकीट ठेवून घेऊ लागले. सिकंदराबादच्या एका हॉटेलात शेठनं डॉक्टरांना जेवण दिलं, तेव्हा मला उभं करून हेच बोलायला लावलं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच रविवारी पत्नी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिला टाळ्यांचं सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि एक ओली चादर झटकत म्हणाली, "अहो, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"काय?"

"ते आईंचं नव्हतं."

"काय नव्हतं?"

"कार्डावरचं. ते माझं होतं."

मला आधी हसू आलं. ती हसत नव्हती. ती म्हणाली, "त्या म्हणाल्या, मला उठल्याबरोबर आंघोळ करून देवाशी बसायचं असतं, ते काडीबिडी तू करून टाक. मी म्हटलं, आई, ते तुमचंच लागतं. तर म्हणाल्या, एकाच घरातलं एकाच हातचं अन्न आपण खातो, तुझं काय नि माझं काय?"

मोरी घासणं, केर काढणं, तसं हेही ओवळ्यातलं एक काम सुनेकडे गेलं होतं. आमच्या घराच्या रीतीप्रमाणे बघितलं तर त्यात काही चुकलं नव्हतं. पत्नी वीस-बावीस वर्षांची, नवी आलेली. सासूनं सांगितलेलं काम तिनं केलं आणि नवऱ्याला सांगितलं. आता पुढे काय करायचं ते मला ठरवायचं होतं.

नव्या कार्डांचं खोकं माझ्या खोलीतच कपाटावर होतं. मी एक काढून आईसमोर ठेवायचं होतं आणि म्हणायचं होतं, "आई, हे तुझंच लागतं." एवढंच. मी पत्नीला म्हणालो, "नवरात्र होऊ दे. आता घट बसतील, तिला त्रास नको." नवरात्र झालं. मग दिवाळीची साफसफाई निघाली. मग मी तो विषय मनात येऊ द्यायचाच बंद केला. पत्नीनं एकदा विचारलं, तेव्हा मी तिच्यावर चिडलो. "तिला काय झालंय? ठणठणीत आहे ती," असं म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. आईला पुन्हा कार्ड दिलं, तर पहिलं खोटं होतं हे मला कबूल करावं लागणार होतं. ते वाक्य मी मग कोणत्या तोंडानं बोलणार होतो? आणि ते वाक्य सोडलं तर माझ्याकडे लोकांना सांगण्यासारखं दुसरं काय होतं? म्हणून मी ते बोलत राहिलो. आधी ते मी न कळता बोलत होतो. आता कळून बोलत होतो.

त्या दिवसांत विद्यानगरला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका तेलुगू गार्डकडे गेलो होतो. मोठ्या आवाजाचा, विनोदी माणूस. माझ्याशी हैदराबादी दखनीत बोलायचा.

"क्या मियाँ, पूरे बाजार में यहीच चीज मिली तुमकू?"

मी माझं वाक्य बोललो. तो थांबला.

"तुम्हारे अम्मा ने करी? सच्ची?"

"हो," मी म्हणालो.

"पूजापाठ वाली अम्मा?"

"हो."

"फिर मैं कायकू शरमाऊं," असं म्हणून त्यानं पाकीट घेतलं.

त्याचे सगळे चौकोन निळे झाले. दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यात गाठ सापडली. लहान होती, पसरलेली नव्हती. ऑपरेशन झालं आणि तो बरा झाला. एका संध्याकाळी तो आपल्या बायकोला घेऊन आमच्या घरी आला. हातात बदामाच्या बिस्किटांचा पुडा. आई बाहेर आली, तशी त्याच्या बायकोनं वाकून तिच्या पायांना हात लावला. तो म्हणाला, "अम्मा, आप नक्को बोलते तो मैं भी नक्को बोलता था. मर जाता था मैं."

आई नुसतीच "बसा, बसा," म्हणत राहिली. पत्नी चहा करायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी त्या माणसाकडे बघत होतो आणि मनात एक हिशोब मांडत होतो, की खोट्यानं का होईना, माणूस वाचला. हा विचार मला त्या वेळी फार उपयोगी पडला. आजही कधी कधी तो मदतीला येतो. मी त्याला जवळ करतो, आणि मग माझी मलाच शिसारी येते.

ते गेल्यावर आई म्हणाली, "बघ, माझ्यामुळे एका माणसाचं भलं झालं." हे म्हणताना तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटतं, मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती. मी बिस्किटांचा पुडा फोडला.

आई पुढच्या उन्हाळ्यात उतरत गेली. जेवण कमी झालं, चेहरा पांढुरका पडला. ती म्हणायची, ऊन बाधतंय. मग एके दिवशी पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबेनात. इस्पितळात नेलं तोवर आतडं पूर्ण बंद झालं होतं. ऑपरेशन करून बाहेर आलेल्या सर्जननी सांगितलं की गाठ मोठी आहे, यकृतापर्यंत गेली आहे, आणि मळ बाहेर यायला पोटावर वाट करून पिशवी लावावी लागली आहे.

मी विचारलं, "कधीपासून असेल?"

"वर्ष-दोन वर्षं तरी."

"ते घरी करायचं कार्ड केलं असतं तर कळलं असतं?"

ते माझ्या शेठला ओळखत होते, मलाही थोडं ओळखत. "कळलं असतं कदाचित. त्यातही सुटतात केसेस." मग ते म्हणाले, "पण तुझ्या आईनं केलं होतं ना? तू बोलला होतास त्या दिवशी, हॉटेलात."

मी मान हलवली. तिथेही मी हो म्हणूनच मान हलवली.

आईला घरी आणल्यावर काही दिवसांनी, पत्नी बाजारात गेलेली असताना, मी तिच्या पलंगापाशी बसलो. म्हटलं, "आई, ते कार्ड तुझं नव्हतं हे मला माहीत होतं. हिनं मला तेव्हाच सांगितलं होतं."

आईनं डोळे मिटलेले होते. मला वाटलं, ऐकलं नसेल.

"मला वाटलंच होतं, तुला माहीत असावं," ती म्हणाली.

"मी पुन्हा का दिलं नाही तुला..."

"दिलं असतंस तरी मी केलं नसतं."

"का?"

"मला तेव्हाही लाल जात होतं रे. मूळव्याध असेल म्हटलं. तुझ्या त्या कागदावर काहीतरी उमटलं असतं. ऑफिसात सगळ्यांसमोर तुझ्या आईचंच कार्ड खराब निघालं असतं. तू दारोदार फिरत होतास. तुझं हसं झालं असतं."

मी लोकांना महिनोन् महिने समजावत होतो, की कागद निळा होणं ही लाजेची गोष्ट नाही. परीक्षेत नापास होण्यासारखं ते नाही. हे माझं पाठ झालेलं भाषण होतं. माझ्या आईला मी ते कधी म्हणून दाखवलं नव्हतं, कारण तिनं पहिल्याच झटक्यात हो म्हटलं होतं. हो म्हणणाऱ्याला समजावायचं काय, असं मला वाटलं. ती नको म्हणाली असती, वकिलांसारखी हसली असती, तर मी कदाचित तिच्यापाशी बसून बोललो असतो.

"दिलं असतंस तरी केलं नसतं," हे तिचं म्हणणं खरं होतं की मला मोकळं करायला ती तसं बोलली, हे मला कळलेलं नाही. मी ते स्वीकारू शकलो नाही.

पोटावरच्या पिशवीचं आईला सगळ्यांत मोठं दुःख झालं ते वेगळ्याच कारणानं. ती म्हणाली, "हे अंगावर घेऊन देवापाशी कशी बसू?" आणि ती बसली नाही. मी म्हटलं, देवाला चालतं. ती म्हणाली, "तुझ्या देवाला चालत असेल." पूजा पत्नीकडे गेली. आईनं पलंगावरून तिला सगळं शिकवलं, गंध किती उगाळायचं, फुलं कशी वाहायची. पत्नी सकाळी आंघोळ करून आईचाच कद नेसू लागली. आणि एकदा ती सोवळ्यात गेली की आईनं तिला जवळ येऊ द्यायचं नाही. पिशवी नेमकी सकाळीच भरायची. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

आयुष्यभर तिनं माझ्यासमोर पदर ढळू दिला नव्हता. आता रोज सकाळी मी तिच्या पोटावरची चिकटलेली चकती सोडवायचो, कोमट पाण्यानं पुसायचो, पिशवी रिकामी करून आणायचो. ती तोंड भिंतीकडे करून पडून असायची. आतून घंटा वाजत असे. मला घाण वाटली नाही, हे मी खरं सांगतो. पण ते काम करताना आमच्या दोघांच्या तोंडून शब्द निघत नसे. काम झालं की ती तेवढं विचारायची, "काही वेगळं दिसतंय का?" आणि मी म्हणायचो, "काही नाही, आई. सगळं ठीक." यकृताचं आम्ही तिला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते सांगू नका, आणि मला ते सोयीचं होतं.

एका सकाळी पिशवी हातात घेतली तर ती गडद लाल होती. उजेडाकडे धरून पाहायचीही गरज नव्हती. मी ती तशीच धरून उभा राहिलो.

"काही वेगळं दिसतंय का?" भिंतीकडे तोंड करून आईनं विचारलं.

मी नेहमीचं उत्तर देणार होतो. ते तोंडात तयार होतं.

"खरं सांग," ती म्हणाली.

"रक्त आहे, आई."

"खूप?"

"हो. आणि गाठ फक्त आतड्यात नाही. यकृतात गेलीय. तुला आम्ही सांगितलं नाही."

मी पिशवी खाली ठेवली, नवी लावली, तिचं लुगडं सारखं केलं, हात धुऊन आलो. तोवर तिनं कूस वळवून तोंड माझ्याकडे केलं होतं. रडत नव्हती. मला वाटतं, ती दमली होती, एवढंच.

"तिला हाक मार," ती म्हणाली.

"ती पूजेला बसलीय."

"माहितीये मला. राहू दे म्हणावं पूजा. इथे येऊन बस म्हणावं."

मी देवघराच्या दारात जाऊन सांगितलं. पत्नी कद नेसलेली, हातात पळी, तशीच उठून आली आणि सवयीप्रमाणे पलंगापासून दूर थांबली. "आई, मी सोवळ्यात आहे," ती म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली आणि तिचा हात धरून तिला जवळ बसवून घेतलं.